गव्हाणी घुबडाची पिल्लं परत आईबापाकडे: पेटीच्या नोंदी, नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५

मी अकरावी सायन्सला आहे. गाव कराड तालुक्यात, कृष्णेकाठी, जिकडे बघाल तिकडे ऊस. हे सगळं मी केमिस्ट्रीच्या वहीत मागच्या पानांपासून लिहीत गेले, तेच इथे तारखेवार टाकतेय. पिल्लं हातात आली तेव्हा मी फोनवर खूप शोधलं, "आत्ता पुढच्या तासाभरात काय करू" हे मराठीत सांगणारं काही मिळालं नाही. चुका काढून टाकलेल्या नाहीत. एक पिल्लू माझ्या हातून गेलं, ते पण यात आहे.

वाचायच्या आधी एकच. घुबड घरात ठेवायचं नाही, सगळी घुबडं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. पहिला फोन १९२६ ला करायचा, ती महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन आहे. मी तो फोन दोन दिवस उशिरा केला.

१० नोव्हेंबर, रविवार

तात्यांचा जुना वाडा पाडायचं काम दिवाळीनंतर सुरू झालंय. सागवान आधीच विकलं गेलंय त्यामुळे सगळ्यांना घाई. दुपारी साडेतीनला माणसं माडीवरची तक्तपोशी काढत होती आणि एकदम ओरडत खाली आली, म्हणे आत नाग आहे, फुसकारतोय. मी जेवणाचे डबे द्यायला गेलेले, वर गेले. नाग नव्हता. कोपऱ्यात पांढऱ्या बदामासारख्या तोंडाची पिल्लं, मान खाली घालून डावीकडे उजवीकडे झुलत होती आणि प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा फिस्स आवाज सतत. वास इतका की डोळ्यात पाणी आलं.

चार होती, एक फळीखाली सापडून आधीच मेलेलं. उरलेली तीन, तिघांची साइझ वेगळी. सगळ्यात मोठ्याच्या पंखांना खरी पिसं फुटायला लागलेली, सगळ्यात लहान नुसतं कापसाचं बोळकं. मला वाटलं लहान आहे म्हणजे ते आजारी. तसं नसतं. गव्हाणी घुबडाची मादी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं एकेक अंडं घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं जिन्याच्या पायऱ्यांसारखी असतात. हे मला मंगळवारी कळलं. रविवारी कळलं असतं तर पुढचं झालं नसतं.

तात्या म्हणाले, घुबडं आहेत, नदीकडं सोडून ये, दारात नकोत. मी सफरचंदाच्या खोक्यात घालून आमच्या घरी आणली. आजी ओट्यावर बसलेली, तिनं खोक्यात बघितलं आणि उठूनच उभी राहिली. "अगं घुबाड घरात आणलंस व्हय? लगीनकार्याचं घर हाय हे." दादाचं लग्न फेब्रुवारीत आहे. शेवटी शेळ्यांच्या गोठ्यात ठेवायची परवानगी मिळाली, तीही आण्णांनी मध्ये पडून.

वेळ: संध्याकाळ पूर्ण. खर्च: शून्य.

११ नोव्हेंबर

आज मी चार चुका केल्या.

पहिली, दूध. सगळ्यात लहान पिल्लाला ड्रॉपरनं गाईचं कोमट दूध पाजलं. त्यानं दोन वेळा शिंकल्यासारखं केलं, मला वाटलं पितंय. पक्ष्याला दूध पचत नाही. आणि पक्ष्याच्या तोंडात जबरदस्तीनं काहीही पातळ घातलं की ते श्वासनळीत जाऊ शकतं, कारण तिचं भोक जिभेच्या मागेच, अगदी पुढे असतं. घुबडाच्या पिल्लाला पाणी वेगळं लागतच नाही, भक्ष्यातून मिळतं.

दुसरी, बोनलेस चिकन. मोठ्या दोघांनी गटागट गिळलं म्हणून मी खूश. नुसत्या मांसात कॅल्शियम फारच कमी असतं, असंच घालत राहिलं तर पाय वाकडे होतात. घुबडाला अख्खा उंदीर लागतो, हाडं केस सगळ्यासकट.

तिसरी, बल्ब. थंडी वाजेल म्हणून १०० वॅटचा बल्ब खोक्यावर लटकवला आणि कॉलेजला गेले. परत आले तर तिघं चोच उघडी टाकून धापा टाकत होती, गळ्याची कातडी थरथरत होती. एवढ्या वयाची पिल्लं एकमेकांना चिकटून स्वतःची ऊब धरतात, आडोसा दिला की पुरतं.

चौथी, रील. मोठं मान झुलवतंय तो १८ सेकंदांचा व्हिडिओ टाकला. रात्रीपर्यंत चार हजार व्ह्यूज. मला नेहमी पाच-सहाशे पण येत नाहीत. कॉलेजमधल्या ज्या मुली माझ्याशी बोलत पण नाहीत त्यांचे मेसेज आले, मला फार बरं वाटलं, मी तासभर पिल्लांकडे न बघता फोनच बघत बसले. मग एका अनोळखी अकाउंटवरून मेसेज आला, "वजन किती भरतंय? नखं पूर्ण आहेत का?" आधी कळलंच नाही. दादाला दाखवला तर तो म्हणाला आत्ताच्या आत्ता डिलीट कर. जादूटोण्यासाठी घुबडं विकली जातात, दिवाळीच्या दिवसांत जास्त. व्हिडिओत आमच्या गोठ्यावरचं दूध डेअरीचं नाव स्पष्ट दिसत होतं, म्हणजे गाव कोणीही ओळखलं असतं. डिलीट केला. त्या रात्री दादा गोठ्यातच झोपला.

१२ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

सकाळी तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले पक्ष्यांचं मी बघत नाही, पण दूध बंद कर आणि १९२६ ला लाव. लावला. दुपारी वनरक्षक मॅडम आल्या, गाडीवर, एकट्या. आधी मला चांगल्याच बोलल्या. मग शांतपणे दोन रस्ते सांगितले: एक, पिल्लं उपचार केंद्रात पाठवायची. दोन, आईबाप जिवंत असतील तर वाड्याजवळच पेटी लावून पिल्लं त्यांच्याकडे परत द्यायची. दुसरं जमलं तर केव्हाही चांगलं, कारण माणसानं वाढवलेलं घुबड बऱ्याचदा नीट शिकार शिकत नाही, माणसाला भीत नाही, आणि सोडल्यावर उपाशी मरतं नाहीतर कुणाच्या तरी हातात जातं. त्यांनी पंचनामा केला, तो मेसेज दाखवला तर स्क्रीनशॉट मागून घेतला, आणि दोघांना पेटीत ठेवून बघायला आठ दिवस दिले. तिसऱ्याकडे बघून म्हणाल्या याचा श्वास बरोबर वाटत नाही, संध्याकाळपर्यंत टिकलं तर उद्या गाडीची सोय करते.

त्यांनी घालून दिलेले नियम: पिल्लांशी बोलायचं नाही. नाव ठेवायचं नाही. खायला घालताना डोक्यावरून कापड, हातात चिमटा. दिवसातून एकदाच, अंधार पडल्यावर. फोटो नाहीत.

आता उंदीर आणायचे कुठून. आमच्या घरात आजी माळकरी, अंडं सुद्धा घरात येत नाही (कालचं चिकन मी गोठ्यामागे लपून कापलेलं). त्यात आज एकादशी. मी आजीला सरळ सांगितलं की उंदीर पकडावे लागणार, मारावे लागणार. ती बराच वेळ माळ ओढत बसली. मग म्हणाली, "ज्याला जे खाणं दिलंय ते दिलंय. पर चुलीपाशी आणू नगं. आन् इळी घेऊ नगं माझी." गोठ्याच्या मागच्या बाजूला वेगळा पाट, वेगळी सुरी, वेगळी बादली.

तीन पिंजरे आणले, १६० चा एक. भजी लावून उसाच्या बांधाला ठेवले.

१३ नोव्हेंबर

लहान पिल्लू पहाटे गेलं. चोचीपाशी दुधाचा फेस वाळलेला होता. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या पुरू नकोस, पंचनाम्यात नोंद करावी लागेल, येऊन नेतील. नेलं.

कॉलेजला गेले नाही. दिवसभर मला राहून राहून हेच वाटत होतं की मी ते जिथल्या तिथे राहू दिलं असतं तरी चाललं असतं, मी "काहीतरी करायला पाहिजे" म्हणून केलं. त्या बिचाऱ्याला काही झालेलंच नव्हतं, ते फक्त वयानं लहान होतं.

पिंजऱ्यात दोन उंदीर. दादानं मारून दिले. मला बघवलं नाही, मी पाठ केली.

१४ नोव्हेंबर

पेटी, पहिली. गावातल्या मिस्तरींकडे १२ एमएमचं जुनं प्लाय मिळालं, अकराशेला शीट. भाऊबीजेचे पैसे त्यात गेले. करवत मी स्वतः चालवली, तीन तास, एक कड पूर्ण वाकडी.

दोन गोष्टी चुकल्या. दाराचं भोक मी तळापासून चार इंचावर पाडलं, घराला दार खाली असतं म्हणून. आणि आतून बाहेरून ऑइल पेंट मारला (१८० रुपये), पावसापासून टिकेल म्हणून. मॅडमना व्हॉट्सॅपवर फोटो पाठवला तर लगेच फोन आला. भोक खाली असलं की पिल्लं पहिल्याच आठवड्यात चालत बाहेर येऊन पडतात. भोकाच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत निदान १८ इंच पाहिजेत. आणि आत रंग अजिबात नको. मिस्तरी म्हणाले पुढची फळी नवीन काढू, आतला रंग तू घास. रात्री अकरापर्यंत पॉलिश पेपरनं घासत बसले.

आज उंदीर मी मारला. यापुढे काही लिहीत नाही.

१६ नोव्हेंबर

शेवटी ठरलेली मापं, कुणाला करायची असेल तर: तळ २४ बाय १८ इंच, उंची २७ इंच, भोक ६ बाय ६ इंच, भोकाखाली १८ इंच. छप्पर चारी बाजूंनी थोडं बाहेर आणि मागे उताराचं. तळाला चार बारीक भोकं, ओल निघून जायला. मागच्या बाजूला साफ करायला झडप, तिला कडी. आत गवत, चिंध्या काही घालायचं नाही, मी वाड्यातल्याच जुन्या घरट्यातल्या सुकलेल्या गोळ्या (न पचलेल्या हाडं-केसांच्या, घुबडं तोंडावाटे टाकतात त्या) दोन ओंजळी टाकल्या. खिळे नाही, सगळे स्क्रू. वजन सोळा किलोच्या आसपास भरलं.

आणि मग एवढं करून मी ती पेटी आमच्या गोठ्याच्या भिंतीला लावली. कारण मला ती समोर पाहिजे होती. वाडा आमच्यापासून तीनशे मीटर लांब. आईबाप येतील, आवाज ऐकून येतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मिस्तरी म्हणाले पण, की तिकडं लावायची नाही का, मी म्हणाले इकडे कुत्र्यांचा त्रास कमी. ते खरं कारण नव्हतं.

रात्रभर कोणी आलं नाही.

१७ नोव्हेंबर

पेटी हलवली. तात्यांशी मोठं भांडण झालं. मी म्हणाले काम महिनाभर थांबवा, ते म्हणाले मजुरांची उचल कोण देणार, तू? बरोबरच होतं त्यांचं. मग आण्णांनी तोडगा काढला, मागची भिंत आणि पडवी सगळ्यात शेवटी पाडायची, बाकी काम चालू राहील, संध्याकाळी साडेपाचनंतर मात्र तिथं माणूस नको आणि हॅलोजन नको. तात्या "बरं" म्हणाले, पण माझ्याशी बोलत नाहीत.

पेटी मागच्या भिंतीला, जमिनीपासून तेरा फूट, जुन्या घरट्याच्या कोपऱ्यापासून वीस फुटांवर, तोंड शेताकडे. एल क्लॅम्प आणि स्क्रू मिळून २४०. दादा आणि मिस्तरी शिडीवर, मी खालून दोर ओढत होते. पिल्लं आत ठेवताना मोठ्यानं पाठीवर पडून दोन्ही पाय पुढे केले, आणि मला पहिल्यांदा त्याचे पंजे नीट दिसले.

रात्री प्रचाराच्या रिक्षा दहापर्यंत चौकातून फिरत होत्या, स्पीकर फुल. कोणी आलं नाही. उंदीर मी ठेवले तेच खाल्ले.

१८ नोव्हेंबर, सोमवार

संध्याकाळी प्रचार संपला. सहानंतर गाव एकदम गप्प झालं, इतकं की कारखान्याकडं जाणाऱ्या बैलगाडीच्या चाकांचा आवाज नदीपलीकडून येत होता. परवापासून गाळप सुरू झालंय, फड तुटतायत, म्हणजे उंदीर मोकळ्यावर येतायत.

मी पडवीसमोर उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या मागे, साधारण साठ फुटांवर. टॉर्चला लाल जिलेटिन पेपर, दहा रुपये.

इथे एक काम येण्यासारखी गोष्ट लिहिते. मोठं घुबड येताना काहीच ऐकू येत नाही. पिसांच्या कडा झालरीसारख्या मऊ असतात, त्यामुळे हवा कापल्याचा आवाजच होत नाही. मी कान देऊन बसले होते ते उगाच. आवाज ऐकायचा तो पिल्लांचा. भूक लागली की ती घोरल्यासारखा एकसुरी आवाज काढत राहतात. आईबाप जवळ आले की तोच आवाज एकदम चढतो, घाई होते, आणि चारा मिळाला की तुटतो. ७ वाजून ४० मिनिटांनी तो चढला. मी टॉर्च पण लावला नाही. भोकावर काहीतरी पांढरं टेकलं आणि गेलं. आवाज तुटला.

घरी पळत गेले, सगळ्यांना सांगितलं. आजी म्हणाली, "हळू बोल, झोपलंय गाव."

२० नोव्हेंबर, बुधवार, मतदान

मॅडमना इलेक्शन ड्युटी, काल आणि आज फोन लागत नाही. कॉलेजला सुट्टी. रात्री नऊला बसले ते दीडपर्यंत.

काल रात्री चाऱ्याच्या नऊ फेऱ्या झालेल्या. आज पहिल्या दोन तासांत तीन. मग मी एक केलं जे करायला नको होतं. मला आई घुबडाचं तोंड बघायचं होतं. साठ फुटांवरून नुसतं पांढरं दिसतं, म्हणून मी हळूहळू सरकत पडवीच्या खांबापाशी गेले, पेटीपासून वीस फूट. मनात असं की तीन रात्री मी इथेच आहे, एव्हाना तिला कळलं असेल मी कोण आहे, मी तिच्या पिल्लांसाठी काय केलंय.

साडेअकराला आली. तोंडात उंदीर. पडवीच्या आढ्यावर बसली, तोंड फिरवून माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला आवडलं, खूप. आणि मग ती कर्कश ओरडून उंदरासकट परत गेली. पिल्लं तशीच घोरत राहिली. दहा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस. मी खांबाला चिकटून बसलेली, हलले तरी आवाज होणार म्हणून हलता पण येईना. शेवटी रांगत मागे ट्रॉलीच्याही पलीकडे गेले, तिथून अजून मागे, विहिरीपर्यंत, शंभरएक फूट. सव्वाबाराला आली.

मी लहानपणापासून सांगत आलेय की मला प्राण्यांची आवड आहे. मांजरं, शेळीची करडं, रस्त्यावरची कुत्री. आज त्या चाळीस मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मला आवड ही होती की मी त्यांना आवडावं. शेळी माझ्याच मागे येते, कुत्रं माझ्याच पायाशी बसतं, हे मला लोकांना दाखवायचं असतं. पेटी आमच्या गोठ्याला लावली ती त्याचसाठी. रील त्याचसाठी. दूध पण बहुतेक त्याचसाठी, की ते माझ्या हातून प्यायलं असं म्हणता यावं. या घुबडाला माझ्याकडून एकच गोष्ट पाहिजे, की मी तिथं नसावं.

घरात मला रेडिओ म्हणतात, मी कधी गप्पच नसते. साडेचार तास आज एक शब्द बोलले नाही आणि मला ते जड गेलं नाही, हेही लिहून ठेवते.

२१ नोव्हेंबर

मी ठेवलेले उंदीर सकाळी जसेच्या तसे होते, म्हणजे पिल्लांना पुरेसं मिळतंय. खाणं घालणं बंद. मॅडम दुपारी आल्या, म्हणाल्या आता पिल्लं हलवायची गरज नाही, इथेच राहू दे. मी खांबाचं सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत.

२७ नोव्हेंबर

वाईट. सोमवारपासून फेऱ्या नवावरून चारवर. आईबापांपैकी एकच दिसतंय. भिंतीखाली तपासलं, विहीर बघितली, काही नाही.

आज कळलं, शेजारच्या शेतातले काका खोडव्याच्या उसात उंदरांचा केक टाकतायत, गेले दहा दिवस. पुडा बघितला, ब्रोमॅडिओलोन. याचं असं असतं की उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, रक्त गोठणं बंद झालेलं असतं. घुबडाला सगळ्यात सोपी शिकार तीच. विष उंदराच्या लिव्हरमध्ये साठलेलं असतं, ते घुबडात जातं.

मी काकांशी बोलायला गेले आणि पहिलंच वाक्य चुकलं, "तुमच्यामुळे घुबड मेलं." ते म्हणाले माझा पंचवीस गुंठे ऊस उंदरानं पोखरलाय त्याचं कोण बघणार, आणि आत निघून गेले. बरोबर आहे, मी त्यांचं नुकसान विचारलंच नव्हतं.

मॅडमच्या सांगण्यावरून आजपासून रात्री दोन उंदीर पेटीच्या छपरावर ठेवतेय, पिंजऱ्यातलेच, विषाचा संशय नको म्हणून आमच्या घराजवळचे. पेटीत हात नाही. पंधरा मिनिटांत खाली उतरायचं.

फिजिक्सच्या चाचणीत २५ पैकी ९. आण्णांना अजून सांगितलेलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

भिंतीखाली पडलेल्या गोळ्या रोज गोळा करत होते, एकूण ४१ झाल्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केस न पचता गोळी होऊन तोंडावाटे पडतात. ताजी असली की काळी चकचकीत, अंगठ्याएवढी जाड. कोमट पाण्यात भिजवून चिमट्यानं सोडवल्या, सगळा रविवार गेला. ४१ गोळ्यांत ६८ कवट्या. बहुतेक सगळ्या उंदरांच्या, चार चिचुंद्र्यांच्या (दात बघितले की कळतं, बारीक आणि टोकदार सगळे), दोन पक्ष्यांच्या.

कवट्या धुऊन वाळवून काचेच्या बरणीत भरल्या आणि संध्याकाळी परत काकांकडे गेले. यावेळी आधी त्यांचा ऊस बघितला. खरंच वाईट पोखरलाय. मग बरणी ठेवली आणि सांगितलं, हे सगळे तुमच्या आणि आमच्या रानातले. काकी म्हणाल्या, एवढं एकटं खातंय? काकांनी बरणी उन्हाकडे धरून बघितली. संक्रांतीपर्यंत केक बंद, पिंजरे लावतो म्हणाले. माझे दोन पिंजरे त्यांना दिले, एक ठेवला.

दुसरं घुबड परत दिसलं नाही.

७ डिसेंबर

संध्याकाळी सव्वासहाला पोरं ओरडत आली, घुबड खाली पडलंय, कुत्री जमलीत. धाकटं, दोन नंबर. पेटीच्या भोकाबाहेर बसायला शिकलीत दोघं, हवेत पंख मारून बघतात, तेव्हा घसरलं असणार. भिंतीला पाठ लावून, पंख पुढे पसरून, स्वतःच्या दुप्पट दिसत होतं आणि चोच टकटक वाजवत होतं. कुत्री पण चार हात लांबच होती.

घाईत मी हातमोजा एकाच हातात घातला. टॉवेल टाकून उचलताना पाय धरायचे राहिले. पंजा डाव्या मनगटात बसला, चार भोकं, आणि तो सुटत नाही, ओढलं की अजून आवळतो. सोडवायचं असं: पाय सरळ ताणायचा, पाय वाकलेला असताना पकड घट्ट होते, सरळ झाला की सैल पडते. दादानं ताणला. आधी टॉवेल, मग लगेच दोन्ही पाय एका मुठीत, हा क्रम सोडायचा नाही.

पेटीत परत ठेवलं. आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन. नर्सबाईंना वाटलं कुत्रं चावलं. मनगट सुजलंय पण एक सांगू का, ते पिल्लू माझ्याकडे ज्या रागानं बघत होतं ना, महिनाभर हाताळून सुद्धा, ते बघून मला इतका आनंद झाला. घरी येताना गाडीवर मागे बसून मी रडत होते आणि दादा विचारत होता दुखतंय का.

तात्या रात्री स्वतः आले. पेटीखाली दीड फूट रुंदीची फळी ठोकून देतो म्हणाले, टेकायला. सागवानाची दिली.

१४ डिसेंबर, दत्तजयंती

मोठं उडालं. चांदणं चांगलं होतं, टॉर्च लागलाच नाही. रात्री ८:१० ला फळीवरून सुटलं, सरळ नाही, तिरकं पडत पडत पडवीच्या कौलावर आदळलं, सावरलं, मग तिथून चिंचेवर. दीड तास चिंचेवरच बसून घोरत होतं. मोठ्या घुबडानं चारा तिथे नेऊन दिला. मी विहिरीपाशी, आजी बरोबर. तिला अंधारात काय दिसलं माहीत नाही, ती चिंचेकडे तोंड करून हात जोडून बसली होती. दत्ताचं करत होती की काय ते मी विचारलं नाही.

१९ डिसेंबर

धाकटं पण उडालं, पहिल्याच झटक्यात चिंचेपर्यंत. दिवसा दोघं परत पेटीत येऊन झोपतात. छपरावरचे उंदीर परवापासून बंद केलेत, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे, नाहीतर शिकार शिकणार नाहीत.

आण्णांना फिजिक्सचं सांगितलं. ते म्हणाले माहितीय, सरांचा फोन आलेला.

२८ डिसेंबर

तोडलेल्या फडात, काकांच्या, धाकट्याला पहिल्यांदा झडप घालताना बघितलं. तीनदा घातली, तीनदा काही नाही, नुसता पाला. चौथ्यांदा पाचटात घुसलं ते बराच वेळ बाहेरच आलं नाही. आलं तेव्हा पंजात काहीतरी होतं. मी बांधावर होते, त्यानं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

तीन दिवस पेटीखाली नवीन गोळी नाही. दिवसा पेटी रिकामी. रात्री नदीच्या बाजूनं ओरडण्याचा आवाज येतो, दोन वेगळ्या ठिकाणांहून. मॅडमनी वहीवर सही केली आणि त्यांच्या रजिस्टरमध्ये "दोन पिल्ले नैसर्गिक अधिवासात" असं लिहिलं. वरच्या ओळीत मेलेल्या दोघांची नोंद आहे, ती मी वाचली.

हिशेब: प्लाय ११००, मिस्तरींची मजुरी ५००, पिंजरे ४८०, पेट्रोल ३००, स्क्रू आणि क्लॅम्प २४०, चामडी हातमोजे २२०, वाया गेलेला रंग १८०, लाल पेपर १०. एकूण ३०३०. यातले अठराशे माझे, बाकी आण्णांनी दिले. बुडालेली कॉलेजची पूर्ण दिवसांची हजेरी: सात. परत करायची वेळ आली तर पहिल्याच दिवशी फोन, पहिल्याच दिवशी वाड्याच्याच भिंतीला पेटी, म्हणजे रंग, पेट्रोल आणि मधले पाच दिवस वाचले असते. लहान पिल्लू पण.

शुक्रवारी मागची भिंत पाडणार आहेत. काका विचारायला आले होते, पेटी आमच्या मोटरच्या खोलीवर लावता येईल का. जाऊन बघितलं, भिंत चौदा फूट आहे, तोंड पूर्वेला करता येईल, वर लाइटची तार नाही. त्यांना अजून एक नवीन पण करायचीय, पलीकडच्या रानासाठी, त्यांच्या मुलाच्या हातची. मुलगा आठवीत आहे. त्याला प्लायवर पेन्सिलनं खुणा करून दिल्यात, आणि भोकाच्या जागी मोठ्या अक्षरात लिहिलंय: तळापासून १८ इंच, आधी मोज, मग काप.